अनवाणी गाणारी खान्ह ली

सायगॉन शहराच्या ऐन मध्यावर फ्रेंचांनी बांधलेला एक मोठा तुरुंग होता. व्हिएतनामच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या कित्येकांनी त्याच्या कोठड्यांमध्ये दिवस काढले. ली तू त्रोंग या सतरा वर्षांच्या क्रांतिकारकाला 1931 साली इथेच गिलोटीनखाली मारण्यात आलं. फ्रेंच राजवटीचा शेवट जवळ आला तेव्हा, 1953 मध्ये, हा तुरुंग पाडला गेला. पुढे या आवारात विद्यापीठाची साहित्य शाखा आली आणि तिच्या मागे बरीचशी जागा मोकळी पडून राहिली. 1960 च्या दशकात विद्यार्थ्यांनी तिथे बांबू रोवून, वर झावळ्यांचं छप्पर घालून एक कामचलाऊ कॉफीघर उभं केलं. त्याचं नाव ‘क्वान वान’.

1967 साली इथे रात्री गाण्याची मैफल जमू लागली. भिंती नाहीत, रंगमंच नाही, तिकीट नाही. पोरं जमिनीवर बसत, जागा पुरली नाही की कडेला उभी राहत. चष्मा घातलेला एक किडकिडीत तरुण गिटार छेडायचा आणि त्याच्या शेजारी बावीस वर्षांची एक मुलगी अनवाणी उभी राहून गायची. तरुणाचं नाव त्रिन्ह कोंग सोन आणि मुलीचं खान्ह ली. ऐकणाऱ्यांतल्या अनेकांना येत्या वर्षा-दोन वर्षांत सैन्यात जावं लागणार होतं. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेचे पावणेपाच लाखांवर सैनिक व्हिएतनाममध्ये होते आणि शहराबाहेरच्या तोफा रात्री शहरातही ऐकू येत.

व्हिएतनामच्या युद्धावर जगभर गाणी झाली. अमेरिकेतल्या युद्धविरोधी गाण्यांची नावं आपल्याकडेही अनेकांना ठाऊक असतात. ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडत होते, त्या लोकांनी त्या काळात काय ऐकलं, हे मात्र आपण फारसं विचारत नाही. दक्षिण व्हिएतनामपुरतं त्याचं उत्तर बऱ्याच अंशी या दोन नावांत आहे. त्रिन्हवर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे, कारण शब्द त्याचे आणि चालीही त्याच्याच. पण ही गाणी लोकांच्या कानात शिरली ती खान्ह लीच्या गळ्यातून. म्हणून हे प्रकरण तिचं आहे.

तिचं जन्मनाव न्गुयेन थी ले माय. जन्म हनोईचा, 6 मार्च 1945. जपानी सैन्याने फ्रेंचांना बाजूला सारून व्हिएतनामचा ताबा घेतला, तो त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी. त्या वर्षी उत्तर व्हिएतनाममध्ये भीषण दुष्काळ होता, लाखो माणसं भुकेने मेली. सप्टेंबरमध्ये हो चि मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी फ्रेंचांशी युद्ध पेटलं. 1954 मध्ये जिनिव्हा करार झाला आणि सतराव्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे पडले. उत्तरेतली जवळजवळ दहा लाख माणसं दक्षिणेत आली. ले मायही आईबरोबर आली.

गाण्याचं वेड आधीपासूनच होतं. नऊ वर्षांची असताना ती हनोईतल्या एका स्पर्धेत गायली होती, पण बक्षीस मिळालं नव्हतं. 1956 च्या अखेरीस सायगॉनमध्ये फ्रेंच-आशियाई रेडिओने लहान मुलांसाठी गायनस्पर्धा ठेवली. ले माय तेव्हा दालातला होती. दालात हे डोंगरातलं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर उंचीवर. गोऱ्यांनी हवा खाण्यासाठी वसवलेलं, पाइनची झाडं, तळं, धुकं आणि स्ट्रॉबेरी असलेलं, म्हणजे आपल्या महाबळेश्वरची सख्खी बहीणच. तिथला भाजीपाला रोज ट्रकने सायगॉनला जातो. अकरा वर्षांची ही पोर घरात न सांगता तसाच एक भाजीचा ट्रक पकडून तीनशे किलोमीटर लांब राजधानीत पोचली आणि स्पर्धेत उभी राहिली. फाम जुई या मोठ्या संगीतकाराचं, रणांगणावरून घरी परतणाऱ्या सैनिकाचं गाणं तिने म्हटलं. दुसरा क्रमांक आला. मला तिच्या साऱ्या आयुष्यात ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिला कोणी हात धरून गाण्याकडे नेलं नाही, ती आपण होऊन गेली. गाण्याचं रीतसर शिक्षण तिला पुढेही कधी मिळालं नाही.

1962 मध्ये ती सायगॉनच्या बुई व्हिएन रस्त्यावरच्या ‘आन्ह वू’ या ठिकाणी व्यावसायिक गायिका म्हणून उभी राहिली. अशा जागांना तिकडे चहाघरं म्हणत, पण लोक तिथे जात ते गाणं ऐकायला. अंधूक दिवे, छोटी टेबलं, पाच-सहा वादकांचा ताफा आणि एकामागून एक येऊन दोन-तीन गाणी म्हणून जाणाऱ्या गायिका. एक गायिका एका रात्रीत तीन-चार ठिकाणी गाऊन यायची. सायगॉनचं सारं सुगम संगीत या चहाघरांवर आणि रेडिओवर पोसलं गेलं.

रंगमंचासाठी नाव घ्यायचं ठरलं तेव्हा तिने ते प्राचीन चीनच्या राज्यांच्या लढायांवर बेतलेल्या एका जुन्या कादंबरीतून उचललं. त्यात खान्ह की नावाचा शूर राजपुत्र आहे आणि त्याचा विश्वास मिळवून त्याचा घात करणारा येऊ ली नावाचा मारेकरी आहे. मरता मरता राजपुत्र आपल्याच मारेकऱ्याला जिवंत सोडून द्यायला सांगतो. एकाच्या नावाचा पहिला शब्द, दुसऱ्याच्या नावाचा शेवटचा शब्द, आणि खान्ह ली हे नाव तयार झालं. सतरा वर्षांच्या मुलीने ते ऐकायला गोड वाटलं म्हणून घेतलं असेल. पण भाऊ भावाला मारत होता अशा काळाची गायिका मारणारा आणि मरणारा दोघांचीही नावं घेऊन वावरली, हे माझ्या मनातून जात नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी ती दालातला परत गेली आणि तिथल्या नाइटक्लबमध्ये गाऊ लागली. 1964 मध्ये तिथेच त्रिन्हने तिला पहिल्यांदा ऐकलं.

त्रिन्ह तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. जन्म 28 फेब्रुवारी 1939, मध्य व्हिएतनामच्या पठारावरच्या बुऑन मा थुओत भागात. वाढला मात्र ह्वे या जुन्या राजधानीच्या शहरात, परफ्यूम नदीच्या काठी, देवळांच्या आणि बौद्ध मठांच्या संगतीत. अठराव्या वर्षाच्या सुमारास धाकट्या भावाबरोबर ज्युदो खेळताना त्याच्या छातीला जबर मार लागला आणि जवळजवळ दोन वर्षं तो अंथरुणाला खिळून राहिला. वाचन झालं ते त्या दोन वर्षांत, आणि मरणाचा विचार मनात घर करून बसला तोही तेव्हाच. उठला तो गाणी लिहितच. लष्करातली भरती टाळण्यासाठी त्याने शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि दालातपासून शंभरेक किलोमीटरवरच्या बाओ लोकमध्ये डोंगराळ भागातल्या आदिवासी मुलांना शिकवायला लागला. पुढे भरतीची बोलावणी यायला लागली तेव्हा वैद्यकीय तपासणीत नापास व्हावं म्हणून तो दिवसच्या दिवस उपाशी राहून वजन उतरवायचा.

या माणसाच्या वहीतली गाणी आणि या मुलीचा आवाज एकमेकांना इतके कसे जुळले, हे समजायला व्हिएतनामी भाषेकडे थोडं बघावं लागतं. ही भाषा सुरांची आहे. एकच अक्षर वर चढवून, खाली उतरवून, मध्येच तोडून, सपाट धरून उच्चारलं की दर वेळी अर्थ पार बदलतो. उत्तरेकडच्या बोलीत असे सहा सूर आहेत. त्यामुळे व्हिएतनामी गीतकाराला मनाला येईल तशी चाल लावता येत नाही. शब्दाचा सूर चढता असेल आणि चाल खाली उतरत असेल, तर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो. चाल आणि बोलणं यांना बरोबर चालावं लागतं. त्रिन्हने ही अडचण फार हुशारीने वळवून घेतली. त्याच्या चाली छोट्या पट्ट्यात फिरतात, त्याच त्या ओळीवर परत येतात, आई बाळाला थोपटताना गुणगुणते तशा. गिटारचे चार-पाच कॉर्ड येणाऱ्या पोरालाही त्या वाजवता येतात. गाणं ऐकताना कोणी आपल्याशी हळू आवाजात बोलतंय, असं वाटतं.

अशा गाण्याला मोठ्या पल्ल्याचा, चमकदार आवाज चालत नाही. त्या काळी सायगॉनमध्ये थाय थान्ह या गायिकेचं राज्य होतं. तिचा आवाज उंच, निमुळता, हरकतींनी नटलेला. दुसरीकडे रडवणाऱ्या बोलेरो गाण्यांची चलती होती. खान्ह लीचा आवाज या दोन्हींत बसणारा नव्हता. तो खर्जाकडे झुकलेला, जाडसर, किंचित घोगरा. ती सूर फार लांबवत नाही, कंप ओतत नाही. शब्द हनोईच्या स्वच्छ उच्चारात ठेवते आणि पुढे जाते. ओळ संपताना आवाज अर्धवट श्वासात सोडून देते. तिचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण ऐकून पाहा. भाषेचा एक शब्द कळत नसला तरी पहिल्या अर्ध्या मिनिटात हे लक्षात येतं की ही बाई दुःख रंगवून सांगत नाही. झालं ते सांगते.

त्रिन्हने तिला सायगॉनला चलायला सुचवलं. ती नाही म्हणाली, दालात सोडवत नव्हतं. तीन वर्षांनी, 1967 मध्ये, सायगॉनमध्ये दोघांची पुन्हा गाठ पडली आणि या वेळी तिने होकार दिला. मग ‘क्वान वान’, मग विद्यापीठांची आवारं, मग इतर शहरं. या मैफलींचे पैसे ती घेत नव्हती. पोट भरण्यासाठी इतरत्र गायचं आणि इथे यायचं, असं चालू होतं. ‘अनवाणी राणी’ हे नाव तिला याच दिवसांत पडलं आणि ते आजही पुसलं गेलेलं नाही.

सुरुवातीला ती गायली ती प्रेमाची गाणी. त्यातलं ‘जियेम सुआ’ सगळ्यात प्रसिद्ध. जियेम ही ह्वे शहरातली एक विद्यार्थिनी. कापूरवृक्षांच्या रांगांखालून ती रोज महाविद्यालयात जायची आणि त्रिन्ह गच्चीतून तिला पाहायचा. प्रेम पुढे सरकलं नाही, पण गाणं झालं. पावसाचं, वाट पाहण्याचं, दगडधोंड्यांनाही एकमेकांची गरज लागते असं काहीतरी सांगणारं. व्हिएतनामी माणसाला हे गाणं येत नाही असं सहसा होत नाही.

मग ‘सोनेरी कांतीची गाणी’ आली. 1967 च्या या संग्रहात त्रिन्हने युद्धावरची गाणी एकत्र केली होती. कांतीचा उल्लेख मुद्दाम होता, कारण या जमिनीवर मारणारे आणि मरणारे दोन्हीकडचे लोक एकाच वर्णाचे होते. त्यातल्या एका गाण्यात रात्री शहरावर येणारा तोफांचा आवाज आहे आणि तो ऐकत थबकलेला, रस्ता झाडणारा माणूस आहे. दुसऱ्या एका गाण्यात आई आपल्या लेकरांना वारसा देते, आणि त्या वारशात काय काय आहे ते ती मोजून सांगते. चिन्यांची गुलामी, फ्रेंचांची गुलामी, आणि शेवटी आपसातली यादवी. ‘आईचा वारसा’ हे ते गाणं. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

1968 च्या जानेवारीअखेरीस, व्हिएतनामी नववर्षाच्या सुट्टीत, उत्तरेच्या सैन्याने आणि दक्षिणेतल्या कम्युनिस्ट गनिमांनी शंभरावर शहरांवर एकदम हल्ला चढवला. ह्वेमध्ये लढाई जवळजवळ महिनाभर चालली. कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या दिवसांत शेकड्यांनी माणसं मारून पुरली गेली, आणि शहर परत घेताना अमेरिकी बॉम्ब-तोफांनी उरलेलं शहर उद्ध्वस्त झालं. त्रिन्ह त्या वेळी ह्वेतच होता. रस्त्यात, नदीत, देवळाच्या पायऱ्यांवर पडलेली प्रेतं त्याने पाहिली आणि त्या प्रेतांवर दोन गाणी लिहिली. ही गाणी ऐकताना अंगावर काटा येतो. त्यांत कोणी कोणाला मारलं, हे नाही. मेलेली माणसं आहेत आणि वेड लागल्यासारखी हिंडणारी जिवंत माणसं आहेत. खान्ह लीने ती गायली तीही त्याच सपाट, आवरलेल्या आवाजात. एखाद्या गायिकेने इथे टाहो फोडला असता तर गाणं ऐकवलं नसतं.

सरकारला हे सहन होणं शक्य नव्हतं. 1969 मध्ये अध्यक्ष न्गुयेन वान थिऊ यांच्या सरकारने त्रिन्हच्या युद्धविरोधी गाण्यांच्या प्रसारावर बंदी घातली. या गाण्यांनी सैनिकांचं मनोधैर्य खचतं, असं कारण होतं. ते खोटं म्हणता येणार नाही, कारण दक्षिणेच्या सैन्यातली पोरं ही गाणी खरंच ऐकत होती. पण तोवर जपानी बनावटीचे टेपरेकॉर्डर सायगॉनच्या घराघरांत आणि कॉफीच्या दुकानांत पोचले होते. एका रिळावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, अशी गाणी फिरत राहिली. गाण्यांच्या वह्या चक्रमुद्रित होऊन हातोहात खपल्या. बंदी कागदावर राहिली आणि खान्ह लीचा आवाज दुकानादुकानांतून येत राहिला.

विरुद्ध बाजूलाही ही गाणी नको होती, आणि तिचं कारण अधिक खोल होतं. हनोईच्या मते हे परकीय आक्रमणाविरुद्धचं मुक्तियुद्ध होतं. त्याला यादवी म्हणणं म्हणजे सायगॉनच्या ‘बाहुल्या सरकार’लाही व्हिएतनामी मानणं. ‘आईचा वारसा’मधला तो एक शब्द त्यांना मान्य होणारा नव्हता. शिवाय असल्या हळव्या संगीताला उत्तरेत ‘पिवळं संगीत’ म्हणत आणि ते ऐकणं-वाजवणं गुन्हा होता. हनोईतल्या काही तरुणांनी घरात बसून जुनी प्रेमगीतं म्हटली म्हणून 1971 साली त्यांच्यावर खटला चालला आणि म्होरक्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. गाणी घरात म्हटली होती, हे पुन्हा एकदा वाचावं.

याच वर्षांत खान्ह ली कीर्तीच्या शिखरावर होती. सायगॉनच्या दा काओ भागात तिने ‘बांबू’ नावाची गाण्याची जागा चालवली, 1972 मध्ये तू जो रस्त्यावर स्वतःच्या नावाचं चहाघर उघडलं. 1970 मध्ये ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती जपानला गेली आणि तिथे ‘जियेम सुआ’ जपानी शब्दांत ध्वनिमुद्रित केलं. ते गाणं जपानमध्ये इतकं रुजलं की पुढे जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने सायगॉनहून आलेल्या एका बायको-मुलीच्या कथेवरच्या मालिकेला तेच वापरलं.

1974 मध्ये ‘सोन का 7’ ही टेप निघाली. सोन का म्हणजे चंडोल पक्षी, ध्वनिमुद्रण करणाऱ्या संस्थेचं नाव, आणि ही त्यांची सातवी टेप. तोवर बाजारात बहुतेक टेप मिसळीच्या असत, पाच गायक, दहा गीतकार. इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आवाज आणि एकच गीतकार. युद्धाची गाणी नाहीत, प्रेमाची आणि माणसाच्या क्षणिक असण्याची आहेत. वाद्यं मोजकी, गिटार पुढे, बाकी सगळं मागे. खान्ह ली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. आवाजातला ‘क्वान वान’च्या काळातला कच्चेपणा गेला होता आणि पुढच्या काळातला थकवा अजून आला नव्हता. माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं गाणं या टेपवर आहे, आणि जुन्या सायगॉनच्या आठवणी काढणाऱ्या बहुतेकांचं मतही तेच पडेल.

पुढच्या वर्षी ते सायगॉन संपलं. एप्रिल 1975 च्या अखेरच्या दिवसांत खान्ह लीने देश सोडला. त्रिन्ह थांबला. 30 एप्रिलला उत्तरेचे रणगाडे अध्यक्षांच्या प्रासादात शिरले, त्याच दिवशी तो सायगॉन रेडिओवर गेला आणि उत्तर-दक्षिण एक करणारं, साऱ्यांना हात गुंफायला सांगणारं आपलं गाणं त्याने म्हटलं. त्याच्या दृष्टीने युद्ध संपलं होतं आणि हे गाणं त्याच दिवसासाठी लिहिलेलं होतं. जहाजांवर, छावण्यांत ज्यांनी हे ऐकलं त्यांना मात्र तो विश्वासघात वाटला. दुसरीकडे नव्या सरकारनेही त्याला जवळ केलं नाही. यादवी हा शब्द कोणी विसरलं नव्हतं. त्याला ह्वेमध्ये आत्मपरीक्षणाची लेखी निवेदनं द्यावी लागली, शेतावर राबावं लागलं.

खान्ह ली कॅलिफोर्नियात स्थिरावली. जवळच ऑरेंज काउंटीत व्हिएतनामी निर्वासितांची वस्ती वाढत होती, तिला पुढे ‘छोटं सायगॉन’ नाव पडलं. दुकानांच्या पाट्या, फो सूपचा वास, देवळं, सगळं तेच, फक्त देश दुसरा. या लोकांना हवी होती ती गमावलेल्या शहराची गाणी, आणि ती गायला खान्ह लीइतका योग्य आवाज दुसरा नव्हता. तिने ती मनापासून गायली. सायगॉनचा निरोप, तुरुंगातल्या माणसांची गाणी, मायदेशी पाठवलेल्या पार्सलांची गाणी. त्यांतली काही उघडउघड कम्युनिस्टविरोधी होती. तिने कधीच बाजू घेतली नाही, असं म्हणणारे तिचे चाहते हा काळ विसरतात. तिने घर गमावलं होतं आणि तिच्यासारख्याच घर गमावलेल्या लोकांसमोर ती उभी होती. पण याच लोकांतले अनेक जण त्रिन्हचं नाव काढलं तरी चिडायचे, आणि त्यांच्याचसमोर ती त्रिन्हची गाणी म्हणत राहिली. ते तिने सोडलं नाही. मला यात तिचं खरं धैर्य दिसतं, ‘क्वान वान’मधल्यापेक्षाही जास्त. तिथे समोरचे सगळे तिच्याच मताचे होते.

त्यात एक विलक्षण गोष्ट घडली. अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेल्या तिच्या कॅसेट नातेवाइकांच्या सामानातून, खलाशांच्या पेट्यांतून व्हिएतनाममध्ये पोचू लागल्या. गाणी बंद, गायिका परागंदा, आणि आवाज मात्र दारं-खिडक्या लावून, बारीक करून ऐकला जात होता. तोही नुसता सायगॉनमध्ये नाही, हनोईतसुद्धा. युद्ध जिंकून दक्षिणेत आलेले उत्तरेचे सैनिक परत जाताना ज्या वस्तू घेऊन गेले, त्यांत कॅसेटही होत्या.

1986 नंतर आर्थिक सुधारणांबरोबर सांस्कृतिक लगामही सैल झाला. त्रिन्हची प्रेमगीतं एकेक करून मोकळी झाली. हनोईच्या होंग न्युंग या तरुण गायिकेने ती वेगळ्या, उजळ ढंगात म्हटली. त्रिन्हने तिला उत्तेजन दिलं आणि जुने रसिक नाराज झाले, कारण त्यांच्या कानात खान्ह लीच बसली होती. 1 एप्रिल 2001 रोजी त्रिन्ह गेला. त्याच्या अंत्ययात्रेला हो चि मिन्ह शहराने, म्हणजे पूर्वीच्या सायगॉनने, एवढी गर्दी केली की तशी गर्दी तिथल्या लोकांनी फार थोड्या वेळा पाहिली होती. दर वर्षी त्या तारखेला त्याच्या स्मरणार्थ मैफली होतात.

या दोघांचं नातं काय होतं, हा प्रश्न खान्ह लीला आयुष्यभर विचारला गेला. ती नेहमी एकच सांगत आली. प्रेमप्रकरण नव्हतं, मैत्री होती, आणि ती त्याला थोरल्या भावासारखं ‘आन्ह सोन’ म्हणायची. 2022 मध्ये त्रिन्हच्या आयुष्यावर चित्रपट निघाला तेव्हाही हा प्रश्न पुन्हा निघाला. मला वाटतं, तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा. एकत्र काम करणाऱ्या बाई आणि पुरुषामध्ये प्रेमाखेरीज इतकं मोठं काही असू शकतं, हे लोकांना पटत नाही, एवढाच या प्रश्नाचा अर्थ.

2012 मध्ये व्हिएतनाम सरकारने तिला मायदेशात जाहीर कार्यक्रम करायला परवानगी दिली. प्रत्यक्ष कार्यक्रम व्हायला आणखी दोन वर्षं गेली. 9 मे 2014 रोजी ती हनोईच्या राष्ट्रीय अधिवेशन केंद्रात रंगमंचावर आली तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. एकोणचाळीस वर्षांनी मायदेशातल्या श्रोत्यांसमोर, आणि तेही ज्या शहरातून तिला लहानपणी निघावं लागलं त्या शहरात. आवाज थकला होता, वरचे सूर गेले होते. खर्ज तसाच होता. अमेरिकेत काही जुन्या निर्वासितांनी या जाण्यावर टीका केली, कम्युनिस्टांच्या देशात गायला कशी गेलीस म्हणून. त्रिन्हची गाणी गायल्याबद्दल सायगॉनचा, हनोईचा आणि परदेशातल्या आपल्याच लोकांचा राग सोसून झाला होता. आता परत गेल्याचा रागही सोसला. त्यानंतर ती अनेकदा व्हिएतनामला गेली आणि शहरोशहरी गायली.

25 जून 2022 ला तिचा कार्यक्रम दालातला होता. वय सत्त्याहत्तर. गाण्यांच्या ओघात तिने ‘आईचा वारसा’ म्हटलं. त्रिन्हची बरीच गाणी तोवर मोकळी झाली होती, पण हे झालं नव्हतं. कोणीतरी मोबाइलवर टिपलेला तुकडा समाजमाध्यमांवर फिरला आणि प्रांताच्या सांस्कृतिक खात्याने आयोजकांना जाब विचारायला बोलावलं. युद्ध संपून सत्तेचाळीस वर्षं झाली होती आणि गाणं लिहून पन्नासहून जास्त. सभागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा जन्म त्या युद्धानंतरचा होता, तरी यादवी हा एक शब्द अजून तितकाच जड होता. आयोजकांची चौकशी झाली, वर्तमानपत्रांत वाद झाला, आणि खान्ह ली पुढच्या गावी गायला गेली.